दाता, दालन आणि शेतीचा इतिहास

देणगी दिली की भिंतीवर नावाची पाटी लागावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. आणि गुप्तदानाला आपल्याकडे अधिक मान आहे, हेही तितकेच खरे. संग्रहालयाच्या बाबतीत मात्र प्रश्न पाटीपाशी थांबत नाही. देणगीदार स्वतःच त्या इतिहासाचा एक भाग असेल, तर इतिहास सांगायचा कोणी? शेतीच्या इतिहासाची दालने उभारताना हा प्रश्न हमखास समोर येतो, कारण त्यांना पैसा देणाऱ्यांत शेतीची अवजारे, खते किंवा बियाणे विकणाऱ्या कंपन्या असू शकतात. अमेरिकेतील शिकागो शहराचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

ज्युलियस रोझेनवाल्ड (१८६२-१९३२) हे तेथील मोठे व्यापारी. त्यांच्या ‘सिअर्स, रोबक’ कंपनीचा माल छापील सूचीवरून मागवला जाई आणि खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांच्या घरी पोहोचे. शेतकरी सुखी तर व्यापार सुखी, हे त्यांनी ओळखले होते. १९१२ मध्ये त्यांच्या पुढाकाराने एक योजना जाहीर झाली. कृषी मार्गदर्शक नेमण्यास तयार होणाऱ्या पहिल्या १०० कौंटींना, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांना, प्रत्येकी १,००० डॉलर मिळणार होते.

त्याआधी १९११ मध्ये म्युनिक येथील संग्रहालयात त्यांचा मुलगा यंत्रे हाताळून पाहण्यात रमून गेला होता. तसेच संग्रहालय आपल्या शहरातही असावे, या विचाराने त्यांनी १९२६ मध्ये ३० लाख डॉलर देऊ केले. संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले होते. त्यांनी आग्रहाने ते काढून टाकायला लावले. त्यांच्या निधनानंतर १९३३ मध्ये ‘विज्ञान आणि उद्योग संग्रहालय’ याच नावाने ते खुले झाले.

१९४० नंतर संग्रहालयाचे अध्यक्ष लेनॉक्स लोर यांनी नवा मार्ग धरला. दालनांचा खर्च त्या त्या क्षेत्रातील कंपन्यांनी उचलावा, असे धोरण ठरले. शेतीचे दालन ‘इंटरनॅशनल हार्वेस्टर’ या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने उभारले. लाभ उघड होता. शहरात वाढलेल्या मुलांना शेती जवळून समजली आणि संग्रहालयावरचा भार हलका झाला.

परंतु या कंपनीचा इतिहास साधा नव्हता. तिचे मूळ सायरस मॅकॉर्मिक यांच्या १८३१ च्या कापणी यंत्रात आहे. ते घडवताना त्यांच्या घरातील जो अँडरसन या गुलामाचे हात राबले होते. शिवाय ओबेड हसी यांनी अशाच यंत्राचे पेटंट १८३३ मध्ये, म्हणजे मॅकॉर्मिक यांच्या आधीच मिळवले होते. पुढे ३ मे १८८६ रोजी शिकागोतील मॅकॉर्मिक कारखान्याच्या दाराशी संपकरी कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला, आणि दुसऱ्याच दिवशी हेमार्केटची घटना घडली. मे दिनाच्या इतिहासात ती आजही स्मरली जाते. यंत्राने कापणीचे कष्ट वाचवले, हे सत्य. गुलाम, प्रतिस्पर्धी आणि कामगार यांची हकिगत हेही सत्य. खर्च करणाऱ्या कंपनीला पहिले सांगणे सोपे आणि दुसरे जड जाते.

म्हणून कंपन्यांचा पैसा नाकारावा काय? तसे मुळीच नाही. याच मॅकॉर्मिक घराण्याने आपली पत्रे, हिशेब आणि कागदपत्रे जतन केली आणि १९५१ मध्ये ती विस्कॉन्सिनच्या इतिहास संस्थेच्या स्वाधीन केली. आज अभ्यासक त्याच कागदांवरून कंपनीची भली आणि बुरी, दोन्ही बाजू तपासू शकतात. कागद स्वाधीन केले आणि निष्कर्ष अभ्यासकांवर सोडला, हे या दानाचे मोल.

शिकागोच्या संग्रहालयाची कथा मात्र पुढे वेगळ्या वळणाने गेली. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या साडेबारा कोटी डॉलरच्या देणगीनंतर २०२४ मध्ये त्याला देणगीदाराचे नाव देण्यात आले. पहिल्या दात्याने जे नाकारले, ते अखेर दुसऱ्याच्या वाट्याला आले.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करणे आवश्यक केले. त्या कार्यांच्या यादीत राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचे जतन येते. तेव्हा शेतीच्या इतिहासाचे दालन उभारण्यास वाव आहे. असा विचार करणाऱ्या उद्योजकांनी तीन गोष्टी पाळाव्यात. दालनात काय सांगायचे, हे अभ्यासकांवर सोपवावे. उद्घाटनाच्या थाटापेक्षा पुढील वर्षांच्या देखभालीसाठी अधिक रक्कम राखून ठेवावी. आणि पैशाबरोबर कागदही द्यावेत.

हे शेवटचे दान लहान दुकानदारालाही शक्य आहे. अडतीच्या जुन्या वह्या, रोजमेळ आणि खतावण्या यांत कोणत्या साली कोणत्या पिकाला काय भाव मिळाला आणि शेतकऱ्याला किती उचल दिली, हे लिहिलेले असते. नांगर आणि मोट पाहून शेत कळते; शेतकऱ्याच्या हाती शेवटी काय उरले, हे या वह्याच सांगतात. त्यांत आपल्या पेढीने घेतलेले व्याजही दिसेल. तरीही त्या रद्दीत न घालता अभ्यासकांच्या हाती देणे, हे पाटीवरील नावापेक्षा मोठे दान ठरेल.