झाडू कोणाच्या हातात?

गेली काही वर्षे मी जपानमधल्या शाळेत वर्षभर शिकून आलेल्या आपल्या मुलांशी बोलून टिपणे काढतो आहे. भाषा, परीक्षा, जेवण यांवर सारेच बोलतात. पण थबकतात ती ‘सोजी’पाशी. सोजी म्हणजे सफाई. दारात बूट काढून ‘उवाबाकी’ हे आतले जोडे घालायचे आणि ठरल्या वेळी गटागटाने वर्ग, जिने, बहुतेक शाळांत स्वच्छतागृहेसुद्धा स्वतः साफ करायची. पाळ्या लावलेल्या असतात. पहिल्या नंबरालाही सूट नाही. पाहुण्या विद्यार्थ्याच्या हातीही ‘झोकिन’, म्हणजे फडके, येतेच. ही शिक्षा नव्हे, शाळेच्या दिवसाचाच भाग.

एक मुलगा म्हणाला, “घरी कळवलंच नाही. आजी म्हणाली असती, हे आपलं काम नव्हे.”

‘आपलं’ या शब्दाशी मी अडलो. माझ्या शाळेत झाडू कोणाकडे असे, आणि तो त्याच्याकडेच का, हे आम्ही कधी विचारले नाही. उत्तर जातीत होते.

टोकियोच्या महिला विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेवरून प्रेरणा घेऊन महर्षी कर्व्यांनी १९१६ साली इथे महिला विद्यापीठ काढले. जपानकडून आपण विद्यापीठाची कल्पना घेतली. फडके मात्र तिथेच राहिले.