रोलर नेमका कुठे दाबतो?

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं बिडकीन आता 7,855 एकरांच्या औद्योगिक क्षेत्राचं गाव आहे. 29 सप्टेंबर 2024 रोजी त्याचं लोकार्पण झालं. कारखाने आणि वसाहती उभ्या राहू लागल्या की पॅकिंगच्या पेट्या, पॅलेट, दारांच्या चौकटी असं लाकूडकाम वाढतं आणि गोल करवतीवर उभे राहणारे हातही वाढतात. करवतीच्या फेन्सवर, म्हणजे फळी ज्या कडेला टेकवून पुढे सरकवतात त्या आधारावर, बसवायचे रोलर या हातांसाठी उपयोगाचे आहेत, पण त्यांच्याबद्दलचा सर्वांत घातक गैरसमज असा, की रोलर बसवला म्हणजे किकबॅकचा प्रश्न सुटला. किकबॅक होतो तो पात्याच्या मागच्या बाजूला. पुढचे दाते लाकूड टेबलावर दाबत खाली जातात, मागचे दाते वर येत असतात. ताण असलेलं, नीट न वाळलेलं किंवा बाभळीसारखं गाठाळ लाकूड चिरताना काप मिटतो, पातं चिमटलं जातं आणि मागचे दाते फळी उचलून माणसाच्या अंगावर भिरकावतात. दहा इंची पातं मिनिटाला 4,000 फेरे घेत असेल, तर दात्याचा वेग ताशी सुमारे 190 किलोमीटर होतो. माणसाला सावध व्हायला लागणाऱ्या सेकंदाच्या पाचव्या भागात दाता दहा मीटर अंतर कापून गेलेला असतो. वीस वर्षांचा अनुभव आहे, हात बरोबर आवरतो, या म्हणण्याला इथेच उत्तर मिळतं. अनुभवी सुताराला लाकडाचा स्वभाव आधी ओळखता येतो आणि ते मोलाचं आहे, पण फळी सुटल्यावर कोणाचाच हात तिच्या आधी पोचत नाही.

म्हणून पहिला मान रोलरला नाही, पात्यामागे उभ्या राहणाऱ्या रायव्हिंग नाइफ या पट्टीला आहे. ती काप मिटू देत नाही. यंत्राचे धोकादायक भाग झाकण्याची सक्ती 1948 च्या कारखाने अधिनियमाने कलम 21 मध्ये केली आणि महाराष्ट्राच्या 1963 च्या नियमांनी गोल करवतीसाठी ही पट्टी आणि ढकलकाठी मागितली. छोटं दुकान कायद्याच्या कक्षेत येत नसेल, पण लाकडाला कामगारांची संख्या कळत नाही. हातात धरून चालवायचा कटर उलटा करून प्लायच्या टेबलाखाली बसवला जातो तिथे ही पट्टी बहुधा नसतेच, आणि अशा टेबलावर महागडा रोलर चढवणं म्हणजे दार उघडं ठेवून खिडकीला कडी लावणं. आधी पट्टी आणि गार्ड असलेलं टेबल हवं.

त्यानंतर रोलर निवडताना तो दाबतो कुठे आणि फिरतो कसा, हे पाहायचं. फेन्सवर बसणारा चांगला रोलर किंचित तिरका असतो. तो फळी टेबलावर दाबतो आणि फेन्सकडे ओढून धरतो, शिवाय एकाच दिशेने फिरतो. फळी मागे येऊ लागली की तो अडतो. दोन्ही दिशांनी मोकळा फिरणारा रोलर दिसायला तसाच असला, तरी फळी वर उचलली जाणं तेवढं रोखतो, मागे येणं नाही. टेबलावर आडवा बसून बाजूने रेटणारा रोलर मात्र पात्याच्या अलीकडेच हवा. तो पात्याच्या बरोबरीला किंवा पलीकडे लावला, तर सुटणारा तुकडा पात्यावरच दाबला जातो आणि संरक्षणासाठी आणलेली वस्तूच किकबॅक घडवते. जास्त आवळला की जास्त सुरक्षित, हाही असाच भ्रम. फार दाब दिला की फळी ढकलायला जोर लागतो, तोल पुढे जातो आणि हात पात्याकडे.

असे रोलर महाग पडतात, हा आक्षेप खरा आहे. त्यावर उपाय दुकानातच सापडतो. सरळ रेषांच्या लाकडाचं टोक सुमारे 30 अंशांत कापून त्याला कंगव्यासारख्या लवचिक बोटांचे काप दिले की फेदरबोर्ड तयार होतो. फळीला पुढे जाऊ देणं आणि मागे येताना रुतून बसणं, हेच काम तो करतो. त्याचा बाजूचा दाबही पात्याच्या अलीकडेच. चिरून काढायची लाकडाची पट्टी इतकी अरुंद असेल की रोलरमुळे ढकलकाठीला वाट उरत नाही, तर रोलर काढून दोन्ही हातांत ढकलकाठ्या घ्याव्यात. विकत घेतलेला रोलरही रबरावर भुसा साचला की पकड सोडतो. म्हणून यंत्राचा प्लग काढून, रोलरखाली फळी सरकवून तिला मागे ओढून पाहावं. ती सरकली, तर त्या दिवशी त्या रोलरवर काम नाही.