अफूचा कायदा आणि शेजारचीं राज्यें

अफूचें नांव निघतांच व्यसन, चोरी व पोलिसांचा छापा हीं चित्रें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु या एका पिकासंबंधीं एका राज्यानें केलेला कायदा शेजाऱ्यांशीं असलेला संबंध कसा पालटतो, हें शेतकरी बंधूंनीं समजून घेण्यासारखें आहे.

ईस्ट इंडिया कंपनीनें १७७३ सालीं बंगाल-बिहारांतील अफूचा मक्ता आपल्या हातीं घेतला. माळव्यांतील शिंदे, होळकर आदि संस्थानांची अफू मात्र या मक्त्याबाहेर होती. १८१८ नंतर कंपनीनें कित्येक संस्थानांशीं करार करून तेथील लागवड व वाहतूक आवळण्याचा यत्न केला. परिणाम असा झाला कीं, माल मुंबईस न येतां पाली, जेसलमेर व कराची या वाटेनें पोर्तुगीजांच्या दमण बंदरीं जाऊं लागला आणि तेथून चीनकडे रवाना होऊं लागला. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीनें हा हट्ट सोडला व दर पेटीमागें फी घेऊन मुंबईच्या वाटेचे परवाने देण्यास आरंभ केला. ही फी १८३५ सालीं १२५ रुपये होती. १८४३ सालीं इंग्रजांनीं सिंध जिंकतांच कराचीची वाट बंद झाली, आणि १८४७ सालीं तीच फी ४०० रुपयांवर गेली! शेजाऱ्याची वाट उघडी होती तोंपर्यंत कर हलका, ती मिटतांच भारी, असा हा हिशेब होता.

चीनची कथा याहून दुःखद आहे. आपली प्रजा व्यसनांत बुडते हें पाहून चिनी बादशहाचा अधिकारी लिन झेशू यानें १८३९ सालीं २० हजारांहून अधिक पेट्या अफू नष्ट केली. त्यावरून युद्ध जुंपलें आणि १८४२ च्या तहान्वयें चीनला हाँगकाँग गमवावें लागलें. पुढें १९०७ सालीं उभय सरकारांनीं दहा वर्षांत हा व्यापार बंद करण्याचें ठरविलें, व चीनकडे जाणारी निर्यात मुदतीपूर्वींच, १९१३ सालीं, थांबली. साठ-सत्तर वर्षांचें वैर मिटविण्यास अखेर समजुतीचा करारच उपयोगी पडला.

आज १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें राष्ट्रें परस्परांस बांधलेलीं आहेत. आपल्या देशांत १९८५ च्या कायद्यान्वयें अफूची लागवड मध्यप्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथील ठराविक टापूंतच, औषधासाठीं व परवान्यानेंच होते. महाराष्ट्रांत तशी परवानगी नाहीं. खसखस बाजारांत उघड विकली जाते, म्हणून ती पेरण्यासही हरकत नसावी, असा समज कोणी करून घेऊं नये. २०१२ सालीं शेजारच्या बीड जिल्ह्यांत अशा पिकावर छापे पडले होते.

आपला प्रांत १९४८ पर्यंत निजामी राज्यांत असल्यामुळें सरहद्द व करोडगिरीचे नाके म्हणजे काय, हें आपल्या वडीलधाऱ्यांनीं अनुभविलें आहे. ते नाके आतां गेले. परंतु चोरट्या मालाच्या वाटा राहिल्या. नोव्हेंबर २०२१ मध्यें नांदेड जिल्ह्यांतील नायगांव तालुक्यांत आंध्रांतून जळगांवाकडे निघालेल्या मालमोटारींतून ११२७ किलो गांजा पकडला गेला.

यांत आपला संबंध काय, असें कोणी विचारील. तर सांगतों. १९८५ च्या कायद्याचें कलम ४६ असें आहे कीं, आपल्या जमिनींत अफू अगर गांजाची बेकायदा लागवड आढळल्यास जमीनधारकानें ती ताबडतोब कळविली पाहिजे. जाणूनबुजून न कळविणारा शिक्षेस पात्र होतो. कलम ४७ नें हेंच कर्तव्य सरपंच व गांवकामगारांवरही घातलें आहे. खुद्द लागवड करणारास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाखापर्यंत दंड होऊं शकतो. आपल्यापैकीं पुष्कळांची जमीन बटईनें अगर ठोक्यानें दिलेली असते. मालक शहरांत राहतो आणि उंसाच्या फडांत किंवा तुरीच्या ओळींत काय उभें आहे, हें त्यास ठाऊक नसतें. पुढें प्रकरण उभें राहिलें म्हणजे सातबारावरील नांवाचा शोध प्रथम होतो.

म्हणून प्रत्येक हंगामांत एकदां तरी स्वतः बांधावर जाऊन शेत पाहावें. संशय येतांच पोलीस ठाण्यास लेखी कळवावें, व त्या अर्जाची पोंच घेऊन ती जमिनीच्या कागदांत जपून ठेवावी. राज्याराज्यांमधील विश्वास मोठमोठ्या करारांनीं बांधला जातो खरा, पण तो टिकतो तो अशा बांधावरच्या दक्षतेनेंच.