तलश्शेरीचा नाताळ केक

सणाचे पक्वान्न पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे चालत आलेले असते, असे आपण सहज गृहीत धरतो. आजीने केले तसे आईने केले, आणि आईने केले तसे आपण करतो, ही परंपरेची आपली व्याख्या. ती कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी आम्ही येथे एका घराण्याच्या भट्टीची हकीकत सांगणार आहोत. ही भट्टी उत्तर केरळातील तलश्शेरी गावची. इंग्रजी अमदानीत या बंदराला तेलिचेरी म्हणत. मिरी आणि वेलदोडे यांच्या व्यापारामुळे इंग्रजांची वस्ती तेथे पूर्वीपासून होती.

मंबळ्ळी बापू या गृहस्थांनी १८८० साली तेथे ‘रॉयल बिस्किट फॅक्टरी’ काढली. बिस्किटे भाजण्याची विद्या ते ब्रह्मदेशात शिकले होते. पुढची हकीकत घराण्यात सांगतात ती अशी. १८८३ च्या नाताळापूर्वी मर्डॉक ब्राऊन नावाचा इंग्रज मळेवाला विलायतेहून आणलेला प्लम केक घेऊन त्यांच्याकडे आला. ‘असा केक तुम्हांला करता येईल काय?’ असे विचारून त्याने कृती तोंडी समजावून दिली, आणि केकासाठी जवळच्या माहे या फ्रेंच वसाहतीतून ब्रँडी आणण्यास सुचवले. बापूंनी नमुना चाखला, साचा लोहाराकडून घडवून घेतला. पण ब्रँडी मात्र आणली नाही. काजूची बोंडे आणि कदली केळी यांपासून आंबवून केलेले गावचे मद्य त्यांनी वापरले. केक खाऊन साहेब इतका खूश झाला की त्याने आणखी डझनभर केक सांगितले.

आता हा बदल साधला कसा, ते पाहू. प्लम केक म्हणजे मनुका-बेदाण्यांचा केक. जुन्या इंग्रजीत प्लम हा शब्द सुक्या द्राक्षांनाही लावीत. ही सुकी फळे मद्यात कित्येक दिवस भिजत घालतात. त्यामुळे ती फुगून मऊ होतात, आणि भाजताना केकातला ओलावा ओढून घेत नाहीत. शिवाय साखर आणि मद्य यांच्यामुळे बुरशीला वाढण्यास वाव राहत नाही व केक पुष्कळ दिवस टिकतो. म्हणजे केकाला गरज होती ती मद्यार्काची आणि फळांच्या स्वादाची; ते फ्रान्सचेच असले पाहिजे असे नव्हते. गोव्यातल्या पोदेरांनी पावाचे पीठ माडाच्या सुरेने आंबवले, त्यातही हेच शहाणपण होते.

या केकाला ‘भारतातला पहिला नाताळ केक’ म्हणतात. येथे थोडे सावध राहिले पाहिजे. कलकत्ता, मद्रास, मुंबई येथील साहेबांच्या बंगल्यांत खानसाम्यांनी त्यापूर्वी केक भाजलेच नसतील, असे कोण म्हणेल? तसेच अंजरकंडीचा दालचिनीचा मळा अठराव्या शतकाच्या अखेरीस सांभाळणारा मर्डॉक ब्राऊन १८८३ मध्ये हयात असणे शक्य नाही. तेव्हा बापूंकडे आलेला ब्राऊन पुढच्या पिढीतला असला पाहिजे. घरची आठवण माणसाचा स्वभाव आणि पदार्थाची चव नेमकी जपते. नावे आणि ‘पहिला’ हा मान यांत मात्र ती घसरते. म्हणून ती टाकून द्यावयाची नसते, पारखून घ्यावयाची असते.

पारखून घेतल्यावर जे उरते तेही थोडे नाही. सण ख्रिस्ती, नमुना विलायतेचा, मद्य मलबारचे आणि हात एका हिंदू कारागिराचा! बापूंच्या वंशजांनी पुढे केरळात ठिकठिकाणी बेकऱ्या काढल्या. नाताळात तेथे आज सर्व धर्मांच्या घरी केक येतो, आणि तो परका आहे असे कोणाला वाटत नाही. बापूंनी कृती जशीच्या तशी ठेवली असती तर माहेहून ब्रँडी आणणे ज्याला परवडेल त्याच्यापुरतीच ती राहिली असती. त्यांनी ती बदलली म्हणून ती परंपरा झाली.

तेव्हा आपल्याही घरी सणाचा पदार्थ करणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर त्यांना केवळ कृती विचारू नये. अमुक जिन्नस मिळत नव्हता तेव्हा काय घातले, हेही विचारावे, आणि साल घालून लिहून ठेवावे. पदार्थाचा खरा इतिहास बहुधा त्या उत्तरातच सापडतो.