गरिबांच्या शाळेचा वकील

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. वर्गात हे सांगितले की मुले आम्हाला हमखास विचारतात, “ते लोक कोण होते?” लिंकन यांचे नाव सगळ्यांना ठाऊक असते. त्यांच्याच काळातील एका वकिलाची ओळख मात्र आपल्या घरांत फारशी नाही. ती आज करून देण्याचा आमचा विचार आहे.

थॅडियस स्टीव्हन्स यांचा जन्म १७९२ साली व्हरमाँट राज्यात एका गरीब घरात झाला. त्यांचा एक पाय जन्मतःच अधू होता. वडील घर सोडून गेले आणि चार मुलांचा भार आई सारा यांच्यावर पडला. हा मुलगा शेतात राबू शकणार नाही, हे ओळखून आईने त्याला शिकवायचे ठरवले. १८१४ मध्ये ते डार्टमथ कॉलेजातून पदवीधर झाले. काही काळ शिक्षकी करून १८१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग येथे त्यांनी वकिली सुरू केली.

त्यांच्या हातून एक गोष्ट अशी घडली, जी झाकून ठेवणे योग्य नव्हे. बाहेरच्या राज्यातून आणलेला गुलाम पेनसिल्व्हेनियात सहा महिने राहिला तर तो मुक्त होई, असा तिथला कायदा होता. त्याच्या आधारे चॅरिटी बटलर या स्त्रीने स्वातंत्र्य मागितले. १८२१ च्या या खटल्यात स्टीव्हन्स मालकाच्या बाजूने उभे राहिले. ती तुकड्यातुकड्याने राहिली, सलग राहिली नाही, असा मुद्दा त्यांनी मांडला. ते खटला जिंकले आणि ती माउली मुलांसह गुलामच राहिली. पुढे मात्र त्यांनी वाट बदलली. पळून आलेल्या गुलामांचे खटले ते लढू लागले आणि मरेपर्यंत त्या बाजूवरून हटले नाहीत.

१८३३ मध्ये ते राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. तोपर्यंत तिथे गरीब मुलांना फुकट शिकायचे असेल तर आईबापांना गरीब म्हणून नाव नोंदवावे लागे. त्या लाजेने कित्येक जण मुलांना शाळेतच पाठवत नसत. १८३४ मध्ये सर्वांसाठी मोफत शाळांचा कायदा झाला. पण त्यासाठी कर द्यावा लागणार म्हणताच ओरड सुरू झाली. कायदा रद्द करा, असे अर्ज खुद्द त्यांच्या मतदारसंघातूनही आले. वरिष्ठ सभागृहाने तो रद्द करण्याच्या बाजूने मतही दिले.

११ एप्रिल १८३५ रोजी स्टीव्हन्स कनिष्ठ सभागृहात बोलायला उभे राहिले. दुसऱ्याच्या मुलासाठी आपण पैसे का द्यायचे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर साधे होते. गुन्हेगाराला तुरुंगात पोसण्यासाठी तुम्ही तक्रार न करता कर देता, मग तो गुन्हेगार होऊ नये म्हणून द्यायला का कुरकुरता? गरीब म्हणून नाव नोंदवणे हा तर गरिबाच्या अंगावर डाग देण्याचा प्रकार आहे, असे त्यांनी बजावले. सभागृहाचे मत फिरले आणि कायदा वाचला. आम्हा शिक्षकांना हे भाषण पुन्हा पुन्हा आठवावेसे वाटते.

१८३८ च्या राज्यघटनेत मताचा हक्क फक्त गोऱ्यांना ठेवला, तेव्हा घटनासभेचे सदस्य असूनही त्यांनी तिच्यावर सही केली नाही. १८४९ पासून ते देशाच्या संसदेत गेले. यादवी युद्धात सरकारच्या पैशाची तजवीज पाहणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. त्यांचा लोखंडाचा कारखाना १८६३ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने जाळला. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. कायद्याचे संरक्षण सर्वांना सारखे देणारी चौदावी दुरुस्ती मंजूर करून घेण्यातही ते पुढे होते. तिचा मसुदा त्यांना हवा तितका भक्कम नव्हता. तरी आपण माणसांत राहतो, फरिश्त्यांत नाही, असे सांगून त्यांनी तो स्वीकारला. मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकर जमीन द्यावी, ही त्यांची सूचना मात्र कोणी ऐकली नाही.

११ ऑगस्ट १८६८ रोजी वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. लँकेस्टर शहरातील मोठ्या कब्रस्तानांत काळ्या लोकांना जागा नव्हती, म्हणून त्यांनी स्वतःसाठी लहानसे, सर्वांना खुले असलेले कब्रस्तान निवडले होते. ईश्वरापुढे सर्व माणसे समान, हेच तत्त्व मरणातही पाळावे म्हणून ही जागा निवडली, असे त्यांच्या कबरीच्या दगडावर कोरले आहे. आईच्या कबरीवर गुलाब लावत राहावेत म्हणून त्यांनी मृत्युपत्रात पैसे ठेवले. अनाथ मुलांसाठी संस्था काढावी आणि तिथे रंगावरून भेद करू नये, असेही लिहून ठेवले. त्यातून उभी राहिलेली, त्यांच्या नावाची तंत्रशिक्षणाची संस्था लँकेस्टरमध्ये आजही चालू आहे.

शेजारच्या मुलाची फी थकली असे कानावर आले, तर वाचकहो, १८३५ चा तो प्रश्न आपणही स्वतःला विचारून पाहावा. आम्ही तो दर जूनमध्ये, शाळा उघडताना, स्वतःला विचारतो.