अवे मॅचचं तिकीट कोणाच्या हक्काचं? इंग्लंडमधल्या फुटबॉलप्रेमींचा जुना वाद

मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, कुठेही जा, संध्याकाळी मैदानात उतरणाऱ्या दहा पोरांपैकी दोन-तीन तरी लिव्हरपूलच्या लाल जर्सीत दिसतात. सालाहची मेहरबानी! या मुलांना कोणत्या खेळाडूने किती गोल केले हे तोंडपाठ असतं. पण टीव्हीवर स्टेडियमच्या एका कोपऱ्यात वेगळ्या रंगाचे कपडे घालून नव्वद मिनिटं उभे राहून गाणारे जे तीन हजार लोक दिसतात, ते तिथे पोहोचतात कसे, हे सहसा कोणाला माहीत नसतं. त्यांच्या हातातल्या तिकिटावरून इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं वाद चालू आहे. थोड्या जागा, भरपूर इच्छुक, मग आधी नंबर कोणाचा? असा हा वाद आहे. आपल्याकडे म्हाडाच्या सोडतीत किंवा शाळेच्या आरटीई प्रवेशात हाच प्रश्न येतो, म्हणून तो समजून घेण्यासारखा आहे.

आधी ‘अवे’ म्हणजे काय ते पाहू. कोल्हापुरात पेठांचे आणि तालमींचे संघ एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात, त्यामुळे तिथे घरचं आणि परकं मैदान असा भेद नाही. इंग्लंडमध्ये प्रत्येक क्लबचं स्वतःचं स्टेडियम असतं. प्रीमियर लीगमध्ये २० संघ आहेत. प्रत्येक संघ १९ सामने घरी आणि १९ सामने दुसऱ्याच्या मैदानावर खेळतो. दुसऱ्याच्या मैदानावरच्या सामन्याला पाहुण्या संघाच्या समर्थकांसाठी एक भाग राखून ठेवलेला असतो. त्याला वेगळं गेट, मध्ये कडं करून उभे असलेले कर्मचारी. या भागातल्या जागांसाठीच सगळी ओढाताण.

लीगचा नियम असा आहे की यजमान क्लबने पाहुण्यांना ३,००० तिकिटं द्यायची. स्टेडियम लहान असेल तर एकूण क्षमतेच्या १० टक्के. आता हिशेब करून बघा. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डमध्ये सुमारे ७४,००० लोक बसतात. हे सगळे घरच्या सामन्याला येतात असं धरलं, तर बाहेरच्या सामन्याला त्यांच्यातल्या शंभरातल्या चौघांनाच जागा आहे. सामना बोर्नमथला असेल, तर तिथलं स्टेडियम जेमतेम ११,३०० चं. दहा टक्के म्हणजे अकराशेच्या आसपास. शंभरात दीड माणूस! २०२३-२४ च्या हंगामात ल्यूटन टाउन वर आला तेव्हाही हेच झालं. त्यांचं केनिलवर्थ रोड बारा हजारांच्या आसपासचं, आणि पाहुण्यांचं गेट तर चक्क चाळीसारख्या घरांच्या रांगेखालून आत जातं.

बरं, तिकीट महाग करून गर्दी कमी करावी, तर ती वाटही आता बंद आहे. पूर्वी मोठे क्लब पाहुण्यांकडून मनाला येईल तेवढी किंमत घ्यायचे. चाहत्यांच्या संघटनांनी २०१३ मध्ये ‘वीस पाउंड पुरेत’ अशी मोहीम काढली. मग फेब्रुवारी २०१६ मध्ये लिव्हरपूलच्या मालकांनी घरच्या सामन्यांची सर्वात महाग तिकिटं ७७ पाउंडांची करायचं ठरवलं, तेव्हा संडरलंडविरुद्धच्या सामन्यात ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून बाहेर चालते झाले. लिव्हरपूल तेव्हा २-० ने पुढे होता. सामना सुटला २-२ वर. चार दिवसांत मालकांनी निर्णय मागे घेतला. पुढच्याच महिन्यात लीगच्या क्लबांनी अवे तिकिटाची कमाल किंमत ३० पाउंड ठरवली. २०१६-१७ पासून ती लागू झाली आणि पुढे मुदत संपत आली की वाढवत नेली. आपल्या पैशात तीन हजार रुपयांच्या वर जातं, म्हणजे स्वस्त नाहीच. पण तिकडच्या मानाने ही रक्कम कष्टकरी माणसाच्या आवाक्यातली आहे.

ही लढाई चाहत्यांनी जिंकली, यात शंका नाही. मात्र इथूनच दुसरा प्रश्न सुरू होतो. किंमत सगळ्यांना सारखी झाली की पैसा छाटणी करत नाही. मग छाटणी करणार कोण? ती प्रत्येक क्लबने आपल्या नियमांनी करायची असते. लीग फक्त किती तिकिटं आणि किती किंमत एवढंच सांगते. कोणाला द्यायची हे क्लबवर सोडलेलं आहे.

सर्वात चालणारी पद्धत म्हणजे लॉयल्टी पॉइंट, सोप्या भाषेत हजेरीचे गुण. मागच्या हंगामांत किती सामन्यांना गेलात त्यावर गुण जमा होतात. एखाद्या सामन्याची विक्री सुरू झाली की आधी सर्वाधिक गुणवाल्यांना संधी, मग थोडी खाली, मग आणखी खाली, तिकिटं संपेपर्यंत. ऐकायला एकदम रास्त वाटतं. जो थंडीपावसात, संघ हरत असताना गेला, त्याला फायनलच्या वेळी बाजूला कसं सारायचं? न्यूकॅसलहून बोर्नमथ म्हणजे साडेपाचशे किलोमीटर. बुधवारी रात्री तिथे जाऊन पहाटे घरी परतणाऱ्या माणसाचा हक कोणीही मान्य करेल.

अडचण दुसरीकडे आहे. तिकीट मिळायला गुण लागतात आणि गुण मिळायला तिकीट. समजा क्लब मागच्या दोन हंगामांचे ३८ अवे सामने मोजतो. मोठ्या सामन्याची विक्री ३० गुणांवरच संपली. २९ वाला राहिला. पुढच्या वेळी ३० वाल्यांचे ३१ झालेले असतात, आणि २९ वाला तिथेच. अठरा वर्षांचा, शून्य गुणांचा मुलगा तर या शिडीच्या पहिल्या पायरीपर्यंतही पोहोचत नाही. ज्यांचा नंबर २० वर्षांपूर्वी लागला, त्यांचाच आजही लागतो. वर्गात पहिल्या बाकावर बसलेल्या मुलांनाच रोज प्रश्न विचारायचे आणि उत्तर देणाऱ्यालाच उद्या पहिला बाक द्यायचा, असं आम्ही शिक्षकांनी केलं तर मागच्या बाकाचं काय होईल? वर्षअखेरीस पुन्हा ‘मागची मुलं ढ’ म्हणायला आपण मोकळे.

नवख्यासाठी एक दार उघडं असतं, ते म्हणजे कोणाला नको असलेले सामने. आठवड्याच्या मधला दिवस, रात्री आठची वेळ, लांबचं गाव. सामना संपेपर्यंत शेवटची ट्रेन गेलेली असते. टीव्ही कंपन्यांच्या सोयीने शनिवारचा सामना सोमवारी रात्री ढकलला जातो, तेव्हा आधी काढलेलं रेल्वेचं तिकीटही वाया जातं. अशा वेळी जाऊ कोण शकतं? ज्याची नोकरी रजा देते, ज्याच्याकडे गाडी आहे, घरी लहान मूल सांभाळायला कोणी आहे. हॉस्पिटलातली नर्स, गोदामात रात्रपाळी करणारा, टॅक्सी चालवणारा, यांचं क्लबवर प्रेम कमी असतं का? एका हंगामाचे १९ सामने ३० पाउंडांनी धरले तर तिकिटांचे ५७० पाउंड होतात. खरा खर्च प्रवासाचा, खाण्याचा आणि बुडालेल्या पगाराचा. म्हणजे दारातून घालवलेला पैसा खिडकीतून परत आलाच. गुण निष्ठा मोजतात असं म्हणतात, पण त्यात फुरसत आणि खिसाही मोजला जातो.

त्यात माणूस म्हटला की युक्ती आलीच. काही लोक नावडत्या सामन्याचं तिकीट फक्त गुणांसाठी घेतात आणि स्वतः घरी बसून ते मित्राला देतात. मित्र सामना बघतो, गुण याच्या खात्यात. मग मोठ्या सामन्याला हा पुढे, आणि खरोखर प्रवास करून आलेला मित्र मागेच. हे थांबवायला काही क्लब निवडक लोकांना तिकीट घरी पाठवतच नाहीत; सामन्याच्या दिवशी स्टेडियमबाहेर ओळखपत्र दाखवून घ्यायला लावतात. चांगला उपाय आहे. पण आजारी पडलेल्या बापाने आपलं तिकीट मुलाला दिलं, तर तोही याच जाळ्यात सापडतो. तिकीट रीतसर परत करायची किंवा दुसऱ्या सदस्याच्या नावावर करायची सोपी सोय नसेल, तर नुसती तपासणी कडक करून इन्साफ होत नाही.

दुसरी पद्धत म्हणजे सोडत. अर्ज करा, कॉम्प्युटर नावं काढेल. नव्याला आणि जुन्याला सारखी संधी. वाद नाही, वशिला नाही. पण पंधरा वर्षं गावोगाव फिरलेल्या माणसाचं नाव सेमीफायनलच्या वेळी निघालं नाही आणि काल सदस्य झालेल्याचं निघालं, तर पहिल्याला काय वाटेल? शिवाय सोडतीतही चलाखी चालते. घरातल्या चौघांच्या नावाने सदस्यत्व घ्या, चार चिठ्ठ्या पडल्या. सदस्यत्वाची फी क्लबच्या खिशात जाते, तिकिटाची हमी मात्र नसते. त्यामुळे सोडतीचा उत्साह कोणाला जास्त असेल, हे वेगळं सांगायला नको.

मला स्वतःला मिश्र पद्धत सर्वात बरी वाटते, आणि बऱ्याच चाहत्यांचाही कल तिकडेच दिसतो. बहुतेक तिकिटं हजेरीवर द्यावीत, पण ठराविक हिस्सा सोडतीसाठी बाजूला काढावा, आणि त्यातला काही तरुणांसाठी. जुने गुण काही वर्षांनी बाद व्हावेत, म्हणजे हक्क वारसा बनणार नाही. गुण तिकीट विकत घेतल्याचे नाही, गेटमधून आत गेल्याचे मिळावेत. तिकिटं मोबाईलवर आल्यापासून हे तपासणं अवघड राहिलेलं नाही. या व्यवस्थेत जुन्या माणसाला एखादा सामना सोडावा लागेल, हे खरं आहे. पण अवे स्टँडमध्ये नवे चेहरे आलेच नाहीत, तर तो स्टँड हळूहळू म्हातारा होईल.

एक गोष्ट मात्र दोन्ही गटांना सारखीच सलते. त्या ३,००० मधली सगळी तिकिटं विक्रीला येतात कुठे? काही खेळाडूंच्या घरच्यांना, काही कर्मचाऱ्यांना, काही प्रायोजकांना, काही महागड्या बॉक्सवाल्या सदस्यांना जातात. खेळाडूच्या आईबापाने सामना बघू नये असं कोणी म्हणत नाही. पण ही संख्या किती ते क्लबने जाहीर करावं, ही मागणी साधी आहे. आकडा लपवला की पाच तिकिटांच्या पाचशे होतात, निदान लोकांच्या मनात तरी.

लीगबाहेर गणितं बदलतात. एफए कपमध्ये पाहुण्यांना १५ टक्क्यांपर्यंत जागा मिळू शकतात, म्हणून कमी गुणवाल्यांना तिथे संधी असते. युरोपातल्या स्पर्धांत ५ टक्के. आणि फायनल म्हटली की आनंदच! २०१९ मध्ये माद्रिदला लिव्हरपूल आणि टॉटनहॅम यांची चॅम्पियन्स लीग फायनल झाली, तेव्हा दोन्ही क्लबांना प्रत्येकी १६,६१३ तिकिटं मिळाली. म्हणजे साठ हजारांवर क्षमतेच्या स्टेडियममधल्या निम्म्याच्या आसपास जागा या दोन क्लबांच्या समर्थकांना. त्याच वर्षी बाकूला आर्सेनल आणि चेल्सी यांच्या युरोपा लीग फायनलला प्रत्येकी सुमारे ६,०००, तेही जवळपास ६८,००० क्षमतेच्या मैदानात.

आता आपल्या वाचकांच्या कामाची बाब. कोकणातली बरीच कुटुंबं ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत, शिकायला जाणारी मुलंही वाढली आहेत. तिथे जाऊन सामना बघायचा म्हणून कोणी इंटरनेटवर किंवा स्टेडियमबाहेर उभ्या असलेल्या माणसाकडून तिकीट घेत असेल, तर सावध राहावं. इंग्लंड आणि वेल्समध्ये परवानगीशिवाय फुटबॉलचं तिकीट पुन्हा विकणं हा १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. नाटक-सिनेमाच्या तिकिटाला हा नियम नाही, फुटबॉललाच आहे. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत लिव्हरपूलचे ९७ समर्थक दगावले. तिच्या चौकशीनंतर न्यायमूर्ती टेलर यांनी तिकिटांच्या काळ्याबाजाराला गुन्हा ठरवण्याची शिफारस केली होती. कारण काळ्याबाजाराचं तिकीट घेतलेला माणूस चुकीच्या बाजूच्या गर्दीत जाऊन बसतो. अवेचं तिकीट मिळालं नाही म्हणून यजमानांच्या स्टँडमध्ये आपल्या संघाची जर्सी घालून बसणाऱ्यालाही कर्मचारी बाहेर काढू शकतात, पैसे परत न देता.

सरळ मार्ग हळू आहे. क्लबचं सदस्यत्व घ्यायचं, घरच्या मैदानावरच्या कमी मागणीच्या सामन्यांपासून सुरुवात करायची, आणि अवेसाठी कप स्पर्धेतल्या किंवा लांबच्या सामन्यांवर लक्ष ठेवायचं. मामू किंवा चुलतभाऊ तिकडे सदस्य असेल आणि त्याच्या नावावरचं तिकीट वापरायचं असेल, तर आधी त्याच्याकडून क्लबचा नियम विचारून घ्या. पाहुण्याने केलेल्या गोंधळाची शिक्षा सदस्याच्या खात्याला बसते, आणि त्याचे वर्षानुवर्षं जमवलेले गुण एका संध्याकाळी जाऊ शकतात.