उपकरणांचे आयुर्मान आणि ई-कचऱ्याचे गणित

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण सुरू झाले, तेव्हा दूरचित्रवाणी संच ही मोजक्या घरांतील नवलाईची वस्तू होती. १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडा स्पर्धांच्या सुमारास रंगीत संच आले, पुढे संगणक आला आणि भ्रमणध्वनी तर शेताच्या बांधापर्यंत पोहोचला. वस्तू घरात येण्याचा हा प्रवास सर्वांच्या परिचयाचा आहे. तीच वस्तू घराबाहेर केव्हा व कोणत्या वाटेने जाते, याचा विचार मात्र अभावानेच होतो. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर संकलन व पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद जेमतेम २२ टक्क्यांची आहे. या कचऱ्याची व्यवस्था लावावयाची, तर प्रथम तो किती व केव्हा निघणार याचा अंदाज हवा.

आयुर्मान म्हणजे काय?

उपकरणाचे आयुष्य तीन कारणांनी संपते. ते दुरुस्तीपलीकडे बिघडते, त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात, किंवा चालू स्थितीत असूनही त्याची जागा नवे उपकरण घेते. काचेच्या नळीचे जाड दूरचित्रवाणी संच बहुधा तिसऱ्या कारणाने बाद झाले. म्हणून आयुर्मान हा केवळ यंत्राचा गुण नव्हे. वापरणाऱ्याची ऐपत, आवड आणि जवळपास दुरुस्तीची असलेली सोय यांवरही ते अवलंबून असते.

२०१६ च्या ई-कचरा नियमांच्या अंमलबजावणीसाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सरासरी आयुर्मानाचे आकडे ठरवून दिले होते. त्यात शीतकपाटास १० वर्षे, धुलाईयंत्र व दूरचित्रवाणी संचास प्रत्येकी ९, संगणकास ६ आणि लॅपटॉपला ५ वर्षे धरली होती. ही सरासरी आहे, हे विसरता कामा नये. एकाच वर्षी घेतलेल्या शंभर संचांपैकी काही पाचव्या वर्षीच निकामी होतात, तर काही पंधरा वर्षेही चालतात.

अंदाजाच्या दोन पद्धती

पहिली पद्धत विक्रीवरून मोजण्याची. एखाद्या तालुक्यात २०१५ साली १,००० धुलाईयंत्रे विकली गेली व सरासरी आयुष्य ९ वर्षे धरले, तर ती २०२४ च्या आसपास बाद होऊ लागतील.

दुसरी पद्धत वापरातील संख्येवरून मोजण्याची. गावपातळीवर हीच सोयीची. समजा, एका गावात ४५० दूरचित्रवाणी संच आहेत. ९ वर्षांनी भागल्यास वर्षाला सुमारे ५० संच बाद होतील, असा ढोबळ अंदाज निघतो. मात्र त्यातील बहुतेक संच गेल्या दोन-तीन वर्षांतच घेतलेले असतील, तर हा आकडा प्रत्यक्षापेक्षा फार मोठा ठरेल. यासाठी संख्येबरोबर खरेदीचे वर्षही विचारणे अगत्याचे आहे.

माळ्यावरचा साठा

या हिशेबात एक गोष्ट हमखास निसटते. वापर थांबला म्हणजे वस्तू कचऱ्यात जातेच असे नाही. बंद रेडिओ, जुना भ्रमणध्वनी, बिघडलेला संगणक वर्षानुवर्षे माळ्यावर किंवा कपाटात पडून राहतो. नऊ वर्षे वापरलेला संच तीन वर्षे माळ्यावर राहिला, तर तो नवव्या नव्हे, बाराव्या वर्षी बाहेर पडतो. संकलन मोहीम हाती घेतल्यावर पहिल्या वर्षी ढीग जमतो, तो याच साठ्यामुळे. तेवढाच कचरा दरवर्षी निघेल असे मानून व्यवस्था उभारली, तर ती ओस पडते. आणि दुसऱ्या वर्षी कचरा घटला म्हणून मोहीम फसली असे मानणेही तितकेच चुकीचे.

वाट चुकली तर

भंगारवाला जुनी वस्तू विकत घेतो, ती तिच्यातील धातूंसाठी. त्याचा व्यवहार निरुपयोगी नाही. धोका पुढील प्रक्रियेत आहे. तांबे काढण्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या, की प्लॅस्टिकच्या आवरणातून डायॉक्सिनसारखी अतिविषारी द्रव्ये हवेत मिसळतात. जुन्या संचाच्या काचेत शिसे असते व ते मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते. सीएफएल दिव्यात पारा असतो. जुन्या शीतकपाटांतील क्लोरोफ्लुरोकार्बन वायू ओझोनच्या थराची हानी करतो.

योग्य वाटेने गेल्यास हाच कचरा संपत्ती ठरतो. टोकियो ऑलिंपिकची सुमारे ५,००० पदके जपानी नागरिकांनी २०१७ ते २०१९ या काळात दिलेल्या जुन्या उपकरणांतील धातूंपासून घडविण्यात आली. त्यात ६२ लाखांहून अधिक भ्रमणध्वनी होते आणि त्या साऱ्यातून सुमारे ३२ किलो सोने मिळाले.

नियमांची चौकट

१ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ अमलात आले. त्यांनुसार उपकरणाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि तिचे मोजमाप आयुर्मानावरच आधारलेले आहे. सरासरी आयुष्य १० वर्षे धरलेले उपकरण २०१५-१६ मध्ये जेवढे बाजारात आले, त्याच्या ७० टक्के वजनाच्या पुनर्प्रक्रियेचे उद्दिष्ट २०२५-२६ साठी उत्पादकावर येते. २०२७-२८ पासून हे प्रमाण ८० टक्के राहील. घनकचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत केंद्राकडे पाठविण्याचे काम स्थानिक संस्थांचे आहे. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे स्वतंत्र नियम आहेत.

गावात करता येण्याजोगे

आरंभ शाळा व ग्रामपंचायत कार्यालयापासून करणे सोपे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, प्रत्येक संगणकाची खरेदीची तारीख असतेच. तिच्यापुढे सद्यःस्थितीचा एक रकाना वाढविला, तर येत्या पाच वर्षांत कोणत्या वर्षी किती वस्तू बाद होतील, हे एका पानावर मांडता येते. निर्लेखनाचा प्रस्ताव त्या बेताने वेळेवर करता येतो आणि यंत्रे व्हरांड्यात गंजत पडत नाहीत. घरांच्या पाहणीत चार प्रश्न पुरेत : वस्तू कोणती, कोणत्या वर्षी घेतली, चालू आहे की बंद, आणि बंद असल्यास कोठे ठेवली आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून ही पाहणी करून घेतल्यास गणिताचा व परिसर अभ्यासाचा धडाही त्यांच्या हाती पडेल.

जमलेल्या वस्तू कोरड्या, बंदिस्त जागी ठेवाव्यात. त्या फोडू वा जाळू नयेत. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया केंद्रांविषयी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे चौकशी करावी आणि वस्तू सोपविताना पावती घ्यावी. एका गावाचा कचरा वाहतुकीच्या खर्चाला पुरत नसेल, तर पाच-सहा गावांनी एकच दिवस ठरवावा. तो दिवस केव्हा ठरवावयाचा व गाडी केवढी मागवावयाची, हे मात्र आधी केलेली मोजदादच सांगेल.